मॅडम, आमच्या घरी मच्छर नाही

कूलरची बाजूची ताटी काढून मी टॉर्च आत धरला तेव्हा मागून काकू सांगत होत्या, "मॅडम, कूलर तर आम्ही महिन्याभरापासून लावलाच नाही. बंद आहे जी."

बंद होता हे खरंच. वायर गुंडाळून खिळ्याला अडकवलेली, पंख्यावर धूळ. पण तळाच्या टाकीत चार बोटं पाणी उरलं होतं. उजेड पडला आणि वरच्या थरात लोंबकळणाऱ्या शे-दीडशे अळ्या वळवळत तळाला गेल्या. मी काकूंना पुढे बोलावलं. त्यांनी पदर सावरत वाकून पाहिलं.

"किडे होय ते. साचल्या पाण्यात होतेच."

"हे मच्छर आहेत काकू. दोन-चार दिवसांत उडायला लागतील."

काकू सरळ उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट मला समजावल्यासारखं म्हणाल्या, "आमच्या घरी मच्छर नाही, मॅडम. मच्छर त्या खाली प्लॉटवरून येते."

हे वाक्य मी 2024 च्या जुलै ते नोव्हेंबर इतक्या वेळा ऐकलं की वहीच्या शेवटच्या पानावर त्याच्या रेघा ओढायला सुरुवात केली होती. पान अर्धं भरल्यावर नाद सोडला.

मी नागपुरात मानेवाड्याच्या बाजूच्या एका लेआउटमध्ये राहते. 31 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, 2023 मध्ये निवृत्त झाले. डासाचं जीवनचक्र दरवर्षी फळ्यावर काढायचे: अंडी, अळी, कोष, डास, मध्ये बाण. मुलं ते पाठ करायची, मी तपासून गुण द्यायचे. पण खरा कोष मी आयुष्यात पाहिला नव्हता, हे सांगायला आता लाज वाटते. तो आमच्याच गच्चीवर, फुटक्या बादलीत असणार.

त्याच वर्षी नवरात्रात ह्यांना डेंग्यू झाला. चार दिवस ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, डेंग्यूची एनएस-1 चाचणी पॉझिटिव्ह. मग रोज सकाळी प्लेटलेटचा आकडा आणि त्या आकड्यावर घराचा मूड. कुणी पपईच्या पानांचा रस आणला, कुणी बकरीचं दूध, आणि किवी तर जो येई तो घेऊन येई. ह्यांना किवी आवडत नाही, ती सगळी मी खाल्ली. ह्यांना सलाइन आणि पॅरासिटामॉलवर बरं वाटलं. घरी आल्यावर आमच्या गल्लीत धुराची गाडी आली. पोरं मागे धावली, आणि मी काय केलं असेल? धूर घरात येऊ नये म्हणून खिडक्या-दारं घट्ट लावून घेतली. डेंग्यूचा डास पडद्यामागे, पलंगाखाली, खुंटीवरच्या कपड्यांत बसतो. म्हणजे ज्याच्यासाठी गाडी आली होती त्याला मीच आत सुरक्षित ठेवलं.

हे मला सांगितलं घरोघरी तपासणीला येणाऱ्या भाऊंनी. हंगामी कामावरचे, खांद्याला झोळी, झोळीत औषधाची बाटली, टॉर्च, एक पांढरी ताटली आणि रजिस्टर. ते म्हणाले, "धुरानं उडणारे मरते मॅडम. टाक्यातले खाली बसून राह्यते. चार दिवसांनी तेच वर येते."

मी त्यांना विचारलं, मी तुमच्यासोबत फिरू का. ते हसले. पण पुढच्या वर्षी जुलै लागला, डेंग्यू प्रतिरोध महिन्याचे फलक चौकात लागले, आणि ते आमच्या दाराशी येऊन म्हणाले, "येता का जी? तुम्हाला लोक आत तरी घेईन."

खरी गोम तिथेच होती. भाऊंना फाटकावरूनच परत पाठवत. "सगळं झाकून आहे, लिहून टाका." मला मात्र निम्म्या घरात माजी विद्यार्थी निघाले. चाळिशीतला, मिशा पिकायला आलेला माणूस "मॅडम!" म्हणत चप्पल काढायचा आणि स्वतः मोरीपर्यंत न्यायचा. एकाने तर अळी पाहिल्यावर हात मागे बांधून उभं राहत विचारलं, "मॅडम, हे सांडवू का?" शाळेत तो इतका आज्ञाधारक कधीच नव्हता.

आम्ही चार गल्ल्यांतली 100 घरं धरली. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी 8 ते 11. पहिले दोन आठवडे मी फक्त बघत होते, आणि त्यात जे शिकले ते शाळेच्या पुस्तकात नव्हतं.

उदाहरणार्थ, भांड्याला धक्का लावायचा नाही. आपली सावली पडली किंवा भांडं हललं की अळ्या बुडी मारतात, आणि वरून पाणी स्वच्छ दिसतं. आधी नुसतं बघायचं, मग टॉर्च, आणि काही दिसलं नाही तर मिनिटभर गप्प उभं राहायचं. हवा घ्यायला त्यांना वर यावंच लागतं. मिनिटभर दुसऱ्याच्या मोरीत गप्प उभं राहणं किती अवघड असतं ते करून पाहावं. घरातली माणसं अस्वस्थ होतात, चहाचं विचारतात, मधेच मिक्सर लावतात.

दुसरं म्हणजे कोणती अळी कोणाची. ॲनॉफिलिसची, म्हणजे मलेरियावाल्या डासाची, पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली असते. नालीतल्या क्युलेक्सची डोकं खाली करून लटकते आणि तिची श्वासनळी लांब, बारीक. एडिसची, म्हणजे डेंग्यूवाल्या डासाची, तीही लटकते, पण नळी आखूड आणि जाड, आणि चालताना ती सापासारखी नागमोडी वळते. भाऊ ताटलीत पाणी घेऊन दोन सेकंदांत सांगायचे. मला तीन आठवडे लागले. कोष मात्र पहिल्याच दिवशी ओळखला. स्वल्पविरामासारखा वाकडा, काही न खाणारा, हात लागला की कोलांट्या मारणारा. इतकी वर्षं तो मी फळ्यावर सरळ काढत होते.

आणि तिसरी गोष्ट, जी मला कळायला सगळ्यात उशीर लागला. त्या काकूंच्या कूलरमधलं पाणी आम्ही त्या दिवशी अंगणात ओतलं. उन्हात, सिमेंटवर, म्हणजे अळ्या मेल्याच. मी रजिस्टरमध्ये "रिकामा केला" लिहिलं आणि मोठं काम केल्याच्या समाधानात घरी आले. दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो. मध्ये जोराचा पाऊस होऊन गेला होता, खिडकीबाहेरच्या ग्रिलवर ठेवलेल्या त्या कूलरमध्ये पावसाचं पाणी शिरलं होतं, आणि आत पुन्हा अळ्या. पाऊस पडून जेमतेम तीन दिवस झालेले.

"इतक्या लवकर डास येऊन अंडी घालून गेला?" मी विचारलं.

भाऊंनी टाकीच्या आतल्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. बोटाला काळपट चिकट थर. "आला नाही मॅडम. होताच. आपण पाणी फेकलं, पण घासलं कुठं?"

एडिसची मादी अंडी पाण्यात टाकत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओल्या खरखरीत भिंतीला एकेक करून चिकटवते. पाणी आटलं, ओतून दिलं, भांडं सुकलं, तरी अंडी तशीच राहतात, महिनोन्‌महिने. पुन्हा पाणी तिथवर चढलं की काही तासांत फुटतात. मला "साचलेलं पाणी" एवढंच ठाऊक होतं. आपण पाणी बघत होतो, आणि डास पाण्याच्या वर कोरड्या जागी होता.

नागपूरकरांना कूलरबद्दल वेगळं सांगायला नको. एप्रिल-मे मध्ये त्याच्याशिवाय जगता येत नाही. जूनमध्ये पाऊस येतो, हवा दमट होते, कूलर लावला तर आणखी चिकचिक होते, म्हणून बटण बंद होतं. पाणी मात्र कुणी काढत नाही, कारण कूलर खिडकीबाहेर असतो, जड असतो, आणि "पुन्हा उकाडा झाला तर?" हा प्रश्न असतोच. मग जुलै-ऑगस्टभर तो तसाच, ओला, अंधारा. वाळ्याच्या ताट्या किंवा ते गवत, अंडी चिकटवायला याहून चांगली जागा मादीला मागूनही मिळणार नाही. आम्ही जितके कूलर उघडले त्यातले बरेच असेच निघाले. स्टूलवर चढून, एका हाताने ग्रिल धरून मी 59 व्या वर्षी ज्या कसरती केल्या त्या ह्यांना अजून पूर्ण सांगितलेल्या नाहीत.

कूलर सोडले तर बाकीच्या जागा एरवी ओळखीच्याच. पत्रा उडू नये म्हणून वर ठेवलेले टायर, कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे, बांधकामाच्या साइटवरचं पाण्याचं टाकं, मनी प्लांटची बाटली. पण एका जागेचं दुःख झालं. तिसऱ्या गल्लीत एक निवृत्त आजोबा आहेत, उन्हाळाभर पक्ष्यांसाठी मातीच्या भांड्यांत पाणी ठेवतात, आठ-नऊ भांडी, फांद्यांना टांगलेली. त्यातल्या पाचांत अळ्या. ते म्हणाले, "चिमण्यांचं पाणी बंद करू का आता?" मी म्हटलं, बंद नका करू, आठवड्यातून एकदा नारळाच्या शेंडीने घासा आणि उन्हात पालथं घाला. दर रविवारी त्यांच्या कम्पाउंडच्या भिंतीवर नऊ भांडी पालथी दिसू लागली. माझ्या सगळ्या उपदेशाचं तंतोतंत पालन करणारं ते एकमेव घर.

आता थोडा हिशेब. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आमचे आकडे असे होते: 100 घरांपैकी 76 तपासली, 11 ला कुलूप, 13 नी आत घेतलं नाही. 76 घरांतली पाणी असलेली 412 भांडी पाहिली. 9 घरांत मिळून 14 भांडी दूषित, म्हणजे अळ्या असलेली, निघाली. मग हाऊस इंडेक्स म्हणजे शंभर घरांमागे दूषित घरं, 11.8. कंटेनर इंडेक्स म्हणजे शंभर भांड्यांमागे दूषित भांडी, 3.4. आणि ब्रेटू इंडेक्स म्हणजे शंभर घरांमागे दूषित भांडी, 18.4. हाऊस इंडेक्स 10 च्या आणि ब्रेटू 20 च्या पुढे गेला की साथीला वाट मोकळी आहे असं समजायचं. म्हणजे एक रेषा ओलांडलेली, दुसरीच्या काठावर.

मला आकडेमोड आवडते, म्हणून तिच्यातली लबाडीही लवकर दिसली. पक्ष्याच्या भांड्यातल्या तीन अळ्या आणि सिमेंटच्या टाक्यातल्या हजारभर अळ्या, दोन्ही हिशेबात एकेकच भांडं. म्हणून मी वेगळ्या रकान्यात कोष मोजायला लागले, कारण अळ्यांतल्या पुष्कळ वाटेत मरतात, पण कोष झाला की दोन दिवसांत डास जवळपास नक्की. त्या आठवड्यातले बहुतेक कोष 14 पैकी फक्त तीन भांड्यांत होते: दोन कूलर आणि एका अर्धवट बांधकामाचं टाकं. बाकी अकरा भांड्यांसाठी मी जो घसा कोरडा केला तो थोडा त्या तिघांवर जास्त करायला हवा होता. टाक्यात भाऊंनी औषध टाकलं, 1000 लिटरला 2 मिलिलिटर पुरतं, आणि नंतर गप्पी मासे सोडले. मिस्त्री तक्रार घेऊन आला की बादलीत मासा येतो. त्याला म्हटलं, परत टाक, पगार न घेता काम करतोय तो.

दुसरी लबाडी मोठी. न पाहिलेली 24 घरं त्या आकड्यांत कुठेच नसतात. 76 वर भागायचं आणि मोकळं व्हायचं. कुलूप लावून मुलाकडे बंगलोरला गेलेल्या माणसाच्या गच्चीवर काय आहे, बंद फ्लॅटच्या फ्लशच्या टाकीत काय आहे, कोण सांगणार? आणि हा डास काही लांबचा प्रवासी नाही. जिथे जन्मला तिथून सहसा शंभर-दोनशे मीटरच्या आतच फिरतो, तोही दिवसा, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी. म्हणजे ह्यांना चावलेला डास आमच्याच चार गल्ल्यांतल्या कुणाच्या तरी घरचा. बहुधा अशा घरचा, जिथे "आमच्या घरी मच्छर नाही."

बंद घरांसाठी मग मी सापळे केले. ओव्हिट्रॅप म्हणतात, 1960 च्या दशकात अमेरिकेत एडिसविरुद्धच्या मोहिमेत वापरलेली साधी युक्ती. काळं भांडं, थोडं पाणी, आत एक खरखरीत पट्टी. मादीला गडद, सावलीतली जागा आवडते, ती येऊन पट्टीवर अंडी घालते, आपण आठवड्याने पट्टी काढून मोजायची. घरात शिरायची गरज नाही, बंद घराच्या फाटकाशी सापळा ठेवला तरी आसपास मादी फिरते का ते कळतं.

श्रीखंडाचे 24 रिकामे डबे जमवले, काळा ऑइल पेंट मारला, पावसाने भरून सांडू नयेत म्हणून वरून दोन बोटांवर भोक पाडलं. पट्टीसाठी हार्डबोर्ड हवा होता, एक बाजू गुळगुळीत आणि एक खरखरीत असलेला. दुकानात शोधत बसले आणि घरी माळ्यावर उत्तर सापडलं: मुलांनी वर्गात विसरून गेलेली परीक्षेची पॅडं! कुणी त्यावर ब्लेडने नाव कोरलेलं, कुणी बदाम. सुतारानं कापून दिली. पाण्यात कूलरचं गवत आठवडाभर भिजवून त्याचं पिवळसर पाणी घातलं, त्या वासाला मादी जास्त येते.

पहिल्या आठवड्याच्या पट्ट्या काढल्या त्या दिवशी जेवायचं राहिलं. डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर 24 पट्ट्या, हातात भिंग. अंडं जेमतेम मिलिमीटरभर, काळं, दोन्ही टोकांना निमुळतं, सरकीच्या दाण्याहूनही लहान. उघड्या डोळ्यांना काजळीचा डाग वाटेल. भिंगाखाली मात्र ओळीने चिकटलेली दिसतात, पाण्याची रेष जिथे होती तिच्या वर. 24 पैकी 15 पट्ट्यांवर अंडी होती. एका पट्टीवर 83. मादी एका वेळी शंभराच्या आसपास घालते, पण सगळी एकाच जागी नाही, चार-पाच भांड्यांत वाटून. सगळे पैसे एकाच बँकेत न ठेवणाऱ्या आमच्या सासूबाईंसारखी.

खात्री करायला काही अंडी जाळी लावलेल्या बरणीत फुटू दिली. नवव्या दिवशी डास निघाले. पाय काळे, त्यावर पांढरे पट्टे, आणि पाठीवर दोन बाजूंनी वळलेली वीणेसारखी पांढरी खूण. एडिस इजिप्ती. ह्यांनी बरणीकडे पाहून विचारलं, "आता हेही पाळायचे का?"

सप्टेंबर उजाडला आणि गल्लीत ताप सुरू झाला. त्या वर्षी शहरात चिकुनगुनियाही बराच होता. डास तोच. सांधे धरून, कमरेत वाकून चालणारी माणसं पाहून सगळ्यांना 2006 च्या चिकुनगुनियाच्या साथीची आठवण झाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीत काळी-पिवळी मारबत, म्हणजे रोगराई सोबत घेऊन जावी म्हणून मिरवतात ते पुतळे, निघाली, मीही गेले. लहानपणी उमरेडकडच्या आमच्या गावात आम्ही "माशा, मुरकुटे घेऊन जा गे मारबत" ओरडत शिवेपर्यंत धावायचो. तापाच्या हंगामाच्या ऐन तोंडावर हा सण येतो, हे इतकी वर्षं लक्षात आलं नव्हतं. परत येताना रस्त्याकडेला नारळाच्या करवंट्यांचा ढीग दिसला. पाय आपोआप थांबले, मी त्या पालथ्या करत सुटले. बाजूच्या रिक्षावाल्याने मला नक्कीच वेडी समजलं असणार.

आणि मग मी माती खाल्ली.

सप्टेंबरच्या शेवटी मुलीकडे पुण्याला जावं लागलं. नातू तापाने आजारी. पुण्यात जूनपासून झिकाचे रुग्ण सापडत होते, तोही एडिसचाच आजार, म्हणून जीव वरखाली. नातवाचा ताप साधा निघाला. पण चार दिवसांसाठी गेलेली मी 13 दिवस राहिले, आणि त्या 13 दिवसांत मुलीच्या सातव्या मजल्यावरची बाल्कनी, शेजारच्यांची बाल्कनी, सोसायटीची लिफ्टखालची खड्ड्याची जागा, सगळं तपासून तिच्या सेक्रेटरींना एक लांब पत्रही दिलं.

नागपूरला परतले, सापळे बघायला गेले. पाच डब्यांत पाण्यावर पांढुरक्या, पोकळ काती तरंगत होत्या. कोषातून डास निघून गेला की उरतात त्या. मोजल्या, 61. सापळा आठव्या दिवसाच्या आत रिकामा केला नाही तर तो सापळा राहत नाही, डास पैदा करायचं भांडं होतो, हे मीच चार लोकांना ऐटीत सांगितलेलं. 61 डास मी माझ्या हाताने, माझ्या विद्यार्थ्यांच्या पॅडांवर वाढवून गल्लीत सोडले होते. त्यातल्या निम्म्या माद्या.

भाऊंना सांगितलं. वाटलं, रागावतील. ते बराच वेळ डब्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, बाकीच्यांना आपण नोटीस देतो. तुम्हाला काय द्यू?" रजिस्टरमध्ये त्या आठवड्याच्या दूषित भांड्यांत त्यांनी पाच वाढवली, आणि घरमालकाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. मी सही केली. नंतर महिनाभर गल्लीत कुणाला ताप आला की मी त्या घराचं अंतर त्या पाच डब्यांपासून मनात मोजत असे. तेव्हापासून प्रत्येक डब्यावर पुढची तारीख पांढऱ्या रंगाने लिहिते, आणि गावाला जाण्याआधी सगळे डबे उचलून, घासून, पालथे.

ऑक्टोबर सरता सरता पाऊस गेला, आकडे उतरू लागले. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात 24 पैकी तीनच पट्ट्यांवर अंडी. भाऊंचं हंगामी काम संपलं. गल्लीतले कूलर लोकांनी खाली उतरवून गच्चीवर नेले. मी दारोदार जाऊन एकच सांगत होते: जुन्या ताट्या आणि गवत जाळा, टाकी आतून ब्रशने घासा, मग ठेवा. पहिल्याच दिवशीच्या त्या काकू म्हणाल्या, "सुकलं आहे ना मॅडम पूर्ण. आता काय घासायचं?" ताट्या चांगल्या होत्या, आणखी एक उन्हाळा निघाला असता.

त्या तीनपैकी एक पट्टी मी जपून ठेवली. भिंगाखाली 40 च्या आसपास अंडी. सुकवली, पाकिटात घातली, वर तारीख टाकली आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिली. खरं सांगायचं तर माझाही पूर्ण विश्वास नव्हता. पुस्तकात वाचणं वेगळं.

मार्चच्या मध्यावर ऊन तापायला लागलं. एका दुपारी पाकीट काढलं, पट्टी बरणीत ठेवून गवताचं पाणी ओतलं, तोंडाला मलमलीचं कापड, त्यावर दोन रबरबँड. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना पाहिलं तर पाण्यात पापणीच्या केसाएवढ्या सात रेघा हलत होत्या. साडेतीन महिने त्या साड्यांखाली कोरड्या पडून होत्या.

बरणी घेऊन तडक काकूंकडे गेले. त्यांच्या गच्चीवर दोन पोरं कूलर पुसत होती, ताट्या भिंतीला टेकवून उन्हात ठेवलेल्या, त्याच. पाण्याची नळी तयार. मी बरणी उजेडात धरली आणि पट्टी दाखवली, नोव्हेंबरची तारीख दाखवली. काकूंनी चष्मा आणवला. खूप वेळ आत पाहत राहिल्या. मग ताट्यांकडे पाहिलं, मग पुन्हा बरणीकडे.

"नळी बंद कर रे," त्या पोराला म्हणाल्या. आणि मला, एक पाऊल मागे सरकून, "मॅडम, ते फडकं घट्ट बांधलं आहे ना जी?"

मी रबरबँड पुन्हा एकदा दाबून पाहिला.